रस्त्याकडेचं माळवद

अंबाजोगाई,
९ मार्च २०२५

दाजी, साष्टांग नमस्कार.

फोन लावून लावून दमले. कधी बंद, कधी नुसताच वाजतो. शेवटी पोस्टात जाऊन पाकिटं आणली. तिथल्या बाईनं विचारलं, राखीला तर अजून लई अवकाश आहे की? मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार.

ताईचं तेरावं झालं, त्या दिवशी तुम्ही ईश्वरीला माझ्या खोलीवर सोडलंत आणि ‘दोन दिवसांत येतो’ म्हणून गेलात. आता दीड महिना होत आला. तिचं नाव मी इथल्या शाळेत चौथीला घातलंय. बाईंना सगळं सांगितलं, आई कारखान्यावर उसाची ट्रॉली उलटून गेली, वडील गावाकडं आहेत. त्यांनी फार विचारलं नाही. आपल्याकडच्या शाळेत अशी पोरं येतच असतात.

आई म्हणाली, तुम्ही जिनतबीचं ते पडकं घर घेतलंत, परवा खरेदीखतही झालं. मला खरं वाटलं नाही. दिवाळीत ऊसतोडीला जायच्या आधी तुम्ही दोघांनी इसार दिला होता, हे मला माहीत आहे. ताईनं तेव्हा मला फोन करून सांगितलं होतं, ‘दीपे, आता रस्त्याला घर होणार आमचं, एस्टीतनं उतरलं की दार.’ पण ते तेव्हाचं. आता तुम्ही एकटे त्या घरात काय करणार?

आमच्या वॉर्डात पाटोद्याकडची एक बाळंतीण होती. तिचा नवरा जागांची दलाली करतो. त्याला गावाचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, चौपदरी रस्ता आणि पवनचक्क्या आल्यापासून बोरझरीत रस्त्याकडेची जागा हाताला लागत नाही, घर पडकं असलं तरी खालची जमीन सोनं आहे. तुम्ही आज विकलं तर घेतल्याच्या तिप्पट मिळतील म्हणे. विकून इकडं का येत नाही? इथंही कामं आहेत. ईश्वरी इथं आहे.

उत्तर पाठवा. फोन नको असेल तर पत्र पाठवा, पण पाठवा.

दीपमाला


बोरझरी, ता. पाटोदा
२१ मार्च

दीपमाला,

पत्र मिळालं. फोन मीच बंद ठेवलाय. चालू केला की दलाल फोन करत्यात. ‘साहेब, देता का?’ मला जन्मात कुणी साहेब म्हणलं न्हवतं.

खरेदीखत झालं हे खरं हाय. अबरार, जिनतबीचा पोरगा, इसाराच्या दुप्पट पैसे घेऊन आलता, सौदा मोडा म्हणून. मी म्हणलं, तुमची मर्जी. मला मोडला काय आन ऱ्हायला काय, सारखंच वाटत होतं. पण जिनतबी ऐकंना. ती आता कडा गावाला पोराकडं ऱ्हाती, तिथनं त्याच्या गाडीत बसून पाटोद्याला रजिस्ट्री हापिसात आली. अबरार तिला म्हणला, “अम्मी, जरा बाजारभाव तर बघ.” ती म्हणली, “बबितानं माझ्या ओसरीवर बसून चहा पेला. मी तिला जबान दिली. ती मेली तर जबान बी मेली काय रे?” आन अंगठा दिला. हापिसातले सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मला रडू येईल असं त्यांना वाटलं असंल. मी बोटाची शाई कशाला पुसावी ते बघत होतो.

बाकीचे पैसे कुठून आणले, तर ट्रॅक्टरवाल्यानं तडजोडीत दिलेले. आईंना माहीत हाय. त्या पैशाचं दुसरं काय करत्यात ते मला समजलं न्हाई.

घर म्हंजी तीन भिंती धड हायेत. चौथी रस्त्याच्या अंगाला झुकलीय. माळवद मधोमध बसलंय, वरची माती सगळी आत. त्या मातीत बाभळ उगवलती, माझ्या दंडाएवढी. ती तोडली. माती उपसायला लागलोय. रोज उठतो, उपसतो, झोपतो. भाकरी शेजारची छबुबाई देती. चव विचारू नको.

वाहेदभाई म्हणून पाटोद्याचा गवंडी ठरवलाय. तो म्हणतो, पाडून टाक बे, स्लॅब ओत, वर गाळे काढ, रस्त्याला हाय. मी म्हणलं, माळवदच घाल. त्यानं ‘कावून?’ म्हणून विचारलं. ताडपत्रीखाली अठरा हंगाम काढले. वाऱ्यानं ती रात्रभर फडफडती. माळवद गप ऱ्हातं. एवढंच कारण.

आदिनाथ


अंबाजोगाई,
३ एप्रिल

दाजी, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. माळवद, बाभळ, गवंडी, जिनतबी, सगळं आहे. ईश्वरी कशी आहे, एवढं मात्र विचारलेलं नाही. तुमच्या लक्षात तरी आलं का?

तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. ती फार चांगली वागते. सकाळी मी हाक मारायच्या आधी उठते. अंथरुणाची घडी घालते. जेवली की आपली ताटली आपण धुते आणि पालथी घालते. माझी रात्रपाळी असली की शेजारच्या सिस्टरकडं झोपायला जाते, कुरकुर नाही. बाजारात नेलं तर काही मागत नाही. मी मुद्दाम आईस्क्रीमच्या गाड्याजवळ उभी राहिले, तर म्हणाली, “मावशी, चल ना, ऊन आहे.” बाया म्हणतात, किती गुणी पोर. मला धडकी भरते. नऊ वर्षांच्या लेकरानं एकदा तरी पाय आपटावा की नाही?

ताईचं नाव ती काढत नाही. तुमचंही नाही. मीही काढत नाही. आम्ही दोघी शाळेबद्दल बोलतो आणि भाजीबद्दल बोलतो.

मी कशी आहे म्हणाल तर बरी आहे. ड्युटीवर दिवस जातो. ताई गेल्याचं कळलं तेव्हा मी लेबर रूममध्ये होते. एक डिलिव्हरी पुरी केली, हात धुतले आणि मग निघाले. अजून कधी कधी वाटतं, मी हातच धुतेय.

आई दोन दिवस येऊन गेली. काहीबाही बोलत होती. ते मी लिहीत नाही. तुमच्या कानावर आलं तर मनावर घेऊ नका.

घराला खोल्या किती काढताय? ईश्वरी कधी ना कधी तिकडं येईल, तिला अभ्यासाला उजेड पाहिजे. एक खिडकी उगवतीला ठेवायला सांगा. आणि संडास-न्हाणीघर आधी बांधा, बाकी नंतर. बायकांना त्याच्यावाचून राहता येत नाही.

दीपमाला


बोरझरी,
२८ एप्रिल

दीपमाला,

पत्राला उशीर झाला. झुकलेली भिंत उतरवून पुन्हा रचली. तिचेच दगड तिलाच लावले. वाळू मिळंना. मिळाली तर भाव असा की जणू वाळू न्हाई, साखर हाय. सगळी वाळू चौपदरीवाल्यांकडं जाती. म्हणून भिंत मातीत रचली, वरून तेवढा सिमेंटचा गिलावा.

उगवतीला खिडकी ठेवली. संडास-न्हाणीघर झालं. आत दोन खोल्या निघत्यात, पुढं ओसरी. मागच्या खोलीला येगळं दार ठेवलंय.

आई आलत्या. दगडाबाई म्हंजी दगडाबाई, पाटोद्याच्या स्टँडवरनं गाडीची वाट न बघता उन्हात चालत आल्या. बसल्या, पाणी पेल्या, म्हणल्या, “आदिनाथराव, पोरीला आई पाहिजे आन घराला बाई पाहिजे. धाकटी हायच की. परकी कुणी आली तर लेकराचे हाल करील.” मी ऐकून घेतलं. तू मागच्या पत्रात खोल्यांचं विचारलंस, खिडकीचं लिहिलंस, बायकांचं लिहिलंस. आन आई काय बोलल्या ते लिहीत न्हाई म्हणलीस. तुला लिहायला अवघड वाटलं असंल, ते मी समजलो.

माझी हरकत न्हाई. खरं सांगू तर हरकत घ्यायला आत काही शिल्लकच न्हाई. तुमचं ठरलं की तारीख कळवा, मी येईन. साधंच करू.

वाहेदभाई सैपाकाचा ओटा बांधायला लागलाय. उंची किती म्हणून विचारतोय. बबिताच्या मानानं तू उंच हायेस ना? नीट माप कळव, म्हंजी काम अडून ऱ्हाणार न्हाई.

आदिनाथ


अंबाजोगाई,
५ मे

दाजी,

तुमचं पत्र मी वॉर्डातच वाचलं. वाचून खिशात घातलं आणि एका बाईचं बीपी घेतलं. ते किती आलं हे मला दोनदा बघावं लागलं.

माझी उंची मी कळवणार नाही.

मी हो कधी म्हटलं? कुणाला म्हटलं? आईनं विषय काढला तेव्हा मी नाही म्हणाले. स्वच्छ नाही म्हणाले. म्हणून तर तुम्हाला लिहिलं, मनावर घेऊ नका. तुम्ही त्यातून होकार कसा काढलात? खिडकी मी ईश्वरीसाठी सांगितली. न्हाणीघरही तिच्यासाठीच. ती मोठी होणार आहे, दाजी. की तेही तुमच्या लक्षात नाही?

आणि ‘हरकत नाही’ म्हणजे काय? हरकत नाही म्हणून माणूस एस्टीत सरकून बसतो. हरकत नाही म्हणून लग्न करतात? ताईशी लग्न करायला तुम्ही दोन कोस चालत आला होता आणि माझ्या बापाशी भांडला होता. मी तेव्हा परकर-पोलक्यात होते, पण मला आठवतंय. आता तुम्हाला कुणीही चालेल, एवढंच तुमच्या पत्रात आहे. ओट्यापुढं उभी राहील अशी कुणीही.

मला तुमचा राग आलाय, आणि खरं तर रागही नीट येत नाही. लिहितेय तोवर येतो, पेन ठेवलं की जातो.

आई बोलत होती तेव्हा ईश्वरी दाराआड होती. आई गेल्यावर तिनं मला विचारलं, “मावशी, तुला आता काय म्हणायचं?” मी म्हटलं, मावशीच. ती ‘बरं’ म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली. पुस्तक उलटं होतं.

शाळेला सुट्टी लागलीय. तुम्ही इकडं या. लग्नाचं बोलायला नाही. तुमच्या पोरीला बघायला या. ओटा आपला तुमच्या उंचीचा करा. तुम्हालाच रांधायचं आहे.

दीपमाला


बोरझरी,
२६ मे

दीपमाला,

माझं चुकलं. आईंना मी निरोप धाडला, पुन्हा हा विषय काढू नका म्हणून. त्या दोन दिवस बोलल्या न्हाईत. तिसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी धाडली.

ओटा माझ्या उंचीचा केला.

मी आलतो. तुला कळवलं न्हाई. मागच्या आठवड्यात पाटोद्याहून गाडी धरली आन दुपारपर्यंत अंबाजोगाईत आलो. पत्ता पाकिटावर होताच. तुझ्या खोलीसमोर रसवंती हाय, तिथं बाकावर बसलो. तू ड्युटीवर असशील. ईशू खाली नळावर आली. बादली भरत होती. केस तेलानं चप्प बसवलेले. नळाची धार बारीक होती म्हणून ती तिथंच उभी ऱ्हायली. मी तिच्याकडं बघत बसलो. रस्ता ओलांडला असता तर पोचलो असतो.

मला काहीच वाटलं न्हाई.

हे कुणाला सांगावं असं न्हाई, पण तू वॉर्डात काम करतीस, तुला माणसं माहीत हायेत. बबिताला ट्रॉलीखालून काढलं तवा मी तिच्या डोक्याखाली माझा रुमाल ठेवला. लोक रडत होते, मी रुमाल सरळ करत होतो. मला वाटलं, घरी गेल्यावर येईल. घरी आलो. मग वाटलं, तेराव्याला येईल. मग वाटलं, घर बांधताना येईल, घर तिचं हाय. माती उपसली, दगड रचले. एका कोनाड्यात जिनतबीची जुनी सुरमेदाणी सापडली. बबिता असती तर नाचली असती. मी ती अबरारकडं पोचती केली आन पुन्हा घमेलं उचललं.

शेवटी वाटलं, लेकराला बघितल्यावर तरी येईल. न्हाई आलं. लोकाची पोरगी पाणी भरतीय असं वाटलं. मग मला भ्या वाटायला पाहिजे होतं, ते बी न्हाई वाटलं. नुसतं समजलं, की मी रस्ता ओलांडला आन ती पळत येऊन बिलगली, तर ती वर माझ्या तोंडाकडं बघणार. आन माझ्या तोंडावर काहीच नसणार. लेकरानं ते बघू नये. म्हणून रसाचे पैसे दिले आन माघारी आलो.

तू तिला तुझ्याकडंच ठेव. पैसे धाडत जाईन. घर पुरं झालं की तिच्या नावानं करून देतो. भाव वाढलाय, तिला पुढं उपयोगी पडंल.

आदिनाथ


अंबाजोगाई,
२ जून

दाजी,

रविवारी सकाळच्या गाडीनं मी ईश्वरीला घेऊन येतेय. हे विचारत नाही, कळवतेय.

तुमच्या तोंडावर काय आहे आणि काय नाही, ते ती बघेल. ती माझंही तोंड चार महिने बघतेय. माझ्या तोंडावर तिला काय दिसत असेल? मी ताईसाठी अजून एकदाही धड रडलेले नाही. वॉर्डात दुसऱ्यांच्या आया रडतात, त्यांना मी पाणी देते. तुम्ही समजता की हे तुमच्या एकट्याचंच झालंय. तिचंही तसंच झालंय. म्हणून ती ताटल्या पालथ्या घालते.

तीन माणसं आहोत, दाजी, आणि तिघंही एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून तीन ठिकाणी गप बसलोय. असं किती दिवस चालणार?

मी संध्याकाळच्या गाडीनं परत येईन, सोमवारी ड्युटी आहे. तिला आठ दिवस राहू दे. तुमच्याशी नाही बोलली तरी चालेल. छबुबाईला तीन भाकरी जास्त टाकायला सांगा, ईश्वरीला ताजी लागते.

दीपमाला


बोरझरी,
१७ जून

दीपमाला,

शाळा कालच उघडली असंल. ईशूला मी अजून धाडलेली न्हाई. काय झालं ते सांगतो, मग तू ठरव.

तू गेल्यावर पयले तीन-चार दिवस तू लिहिलं होतंस तसंच. मी म्हणलं जेव, जेवली. झोप म्हणलं, झोपली. वाहेदभाई तिला म्हणला, “बेटी, तुझी खोली कंची?” तर म्हणली, “कंची बी चालंल.” मला तिचं ते बोलणं ऐकून कसंतरी झालं. मी पत्रात तुला तसंच लिहिलं होतं ना, माझी हरकत न्हाई म्हणून.

बुधवारी माळवदाचं काम निघालं. तुळया जुन्याच हायेत, सागवानी, त्यांना काही झालेलं न्हाई. त्यांच्यावर लाकडाच्या पट्ट्या टाकायच्या, वर पाला, वर गढीची पांढरी माती. निम्म्या घरावर पट्ट्या झाल्या होत्या. निम्म्यावर नुसत्या तुळया, खाली मोकळं. दुपारी आमी ओसरीत जेवायला बसलो. ईशू हात धुवायला गेली ती आली न्हाई. मला वाटलं न्हाणीघरात असंल.

वाहेदभाईनं वर बघितलं आन त्याचा घास हातातच ऱ्हायला. ईशू तुळईवर होती. शिडी लावलेली, ती चढून गेलती. पट्ट्या संपत्यात त्याच्या पुढं, मोकळ्या बाजूला, एका तुळईवर दोन पाय पुढं-मागं टाकून उभी. रस्त्याकडं बघत होती. खाली दगडांचा ढीग.

मी वरडलो. काय वरडलो ते मला आठवत न्हाई. छबुबाई म्हणती तिच्या घरापर्यंत आवाज आला. शिडीच्या पयल्याच पायरीवरनं पाय दोनदा सटकला. अठरा हंगाम मोळ्या घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढलो, पाय कधी सटकला न्हाई. वर गेलो. तुळईवर पोटावर पडून सरकत गेलो आन तिचा घोटा धरला. मग दंड धरला. मग तिला ओढत पट्ट्यांवर आणली आन धरून बसलो. माझे दात वाजत होते, दीपमाला. भर जूनात.

ती म्हणली, “सोडा मला.”

मी म्हणलं, “कावून आलीस वर? मरायचं हाय का?”

ती वरडली. तिचा आवाज मी किती महिन्यांनी असा ऐकला. “मला इथं ऱ्हायचं न्हाई! मला कारखान्यावर जायचंय! तिथं आई हाय! तुमी तिला तिथंच ठेवून आलात! गाडी दिसती का बघत होते, तुमी कधीच नेणार न्हाईत!” आन मला मारायला लागली. दोन्ही हातांनी, छातीवर, तोंडावर. वाहेदभाई शिडीवर आलता, तो तिथंच थांबला आन खाली उतरला.

मी तिला मारू दिलं. मग म्हणलं, “आई तिथं न्हाई, ईशू. आई मेली.”

हे मी अजून कुणाला म्हणलं न्हवतं. ‘गेली’ म्हणलं, ‘ते झालं’ म्हणलं. मेली असं पयल्यांदा म्हणलो. माझंच मला ऐकू आलं.

ती हात उगारलेला तसाच ठेवून माझ्याकडं बघत ऱ्हायली. मी जे टाळत होतो ते हेच बघणं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत न्हाई. पण काहीतरी असंल, कारण तिनं हात खाली घेतला आन म्हणली, “पप्पा, नाक पुसा.”

मग आमी दोघं तिथंच रडलो. रस्त्यावरनं गाड्या जात होत्या. एक दलालाची गाडी थांबली, काच खाली करून त्यानं वर बघितलं, आन गेला.

तवापासनं ती चांगली वागत न्हाई. भाकरी ताटात टाकून उठती. छबुबाईच्या शेळीला दगड मारला. काल म्हणली, मागची खोली माझी आन तिच्यात तुमी यायचं न्हाई. वाहेदभाईशी भांडून खिडकी रंगवायला निळा रंग आणायला लावला. मी रात्रीचा तिच्या दाराबाहेर ओसरीत झोपतो. झोप लागत न्हाई, सगळं एकदम दुखतंय. बबिता कशी हसायची ते आठवतं आन उठून बसतो. पयलं बरं होतं असं बी वाटतं.

ती इथंच ऱ्हावं म्हणती. गावातली शाळा चौथीपर्यंतच हाय, पण आता पाचवीला पाटोद्याला एस्टीनं जाता येईल, दारातच थांबती. यंदा हंगामाला मी जाणार न्हाई. मुकादमाला सांगितलं. वाहेदभाई म्हणतो, माझ्या हाताखाली ये, दगडाची भिंत रचायला आता माणूस मिळत न्हाई.

पण तू साडेचार महिने सांभाळलीस. तू ठरवशील ते.

आदिनाथ


अंबाजोगाई,
६ जुलै

दाजी, नमस्कार.

शाळा सोडल्याचा दाखला सोबत पाठवतेय. ईश्वरीचे कपडे, वह्या आणि चपला एका पिशवीत घालून पाटोद्याच्या गाडीत कंडक्टरकडं दिल्यात, स्टँडवरून घेऊन जा. ती तिथंच राहू दे. तिची जागा तुमच्याजवळच आहे. त्यात माझं ठरवायचं काही नव्हतंच.

तुमचं पत्र वाचलं. बरं वाटलं. शेळीला दगड मारला हे वाचून तर फारच बरं वाटलं.

इकडं सगळं ठीक आहे. मी जास्तीच्या ड्युट्या घेतल्यात. एक सिस्टर रजेवर आहे, तिच्याही करते. तेवढंच काम होतं. खोलीवर फारसं जाणं होत नाही. ईश्वरीचं अंथरूण तसंच घडी घालून ठेवलेलं आहे, ते एकदा उचलून ठेवायला पाहिजे. सवड मिळत नाही.

आई आली होती. स्थळ सांगत होती, गेवराईकडचं. मी म्हटलं, बघ तुला काय वाटतं ते. माझी काही ना नाही.

लोक विचारतात, भाचीवाचून करमत नसेल. पण तसं काही नाही. खरंच काही वाटत नाही मला. जेवते, झोपते, कामावर जाते. एका अर्थी बरंच आहे.

माझी काळजी करू नका. माळवदावर माती चढली का? मोठा पाऊस लागायच्या आत पुरं करा.

दीपमाला


बोरझरी,
११ जुलै

दीपमाला,

दाखला मिळाला. पिशवी मिळाली.

माळवद पुरं झालं. माती पिटून पिटून हात सोलले.

तुझं पत्र मी ईशूला वाचून दाखवलं. ती म्हणली, “मावशी खोटं बोलती.” मी म्हणलं, खोटं न्हाई, तिला खरंच तसं वाटत असंल. तुला ओळखलं मी. ‘काही वाटत न्हाई’ हे कसं लिहित्यात, ते मला माहीत हाय. ‘ना न्हाई’ हे बी.

गेवराईच्या स्थळाला सध्या थांबवून ठेव. पुढं हो म्हणायचं तर म्हण, पण असं म्हणू नको.

पुढच्या शनिवारी आमी दोघं येतोय. तुझ्या खोलीवर दोन दिवस ऱ्हाऊ. सैपाक मी करीन, मला आता येतो. ईशू म्हणती तिचं अंथरूण उचलू नको, तिथंच ती झोपणार हाय. रजा टाक. न्हाई मिळाली तर ड्युटीवरनं घरी ये, आमी दारात बसलेले असू.

बबिताचं बोलू. मला तिच्याबद्दल लई बोलायचंय, आन तू तिला माझ्याआधीपासून ओळखतीस.

आदिनाथ